पेठ कुठली आणि चौकट कुठली? नकाशावरचे निकाल असे मोजले जातात

फोनवर कोल्हापूरचा नकाशा उघडून ‘मिसळ’ शोधलं की शहरभर टाचण्या पडतात. दोन बोटांनी नकाशा लहान करत नेला, पन्हाळा, कागल, इचलकरंजी एकाच पडद्यावर आली, की टाचण्या एकमेकींवर चढतात आणि खालचं गावसुद्धा दिसेनासं होतं. म्हणून बरीच ॲप टाचण्यांच्या जागी गोल काढतात. गोलात एक आकडा असतो, समजा ४२. नकाशा पुन्हा मोठा केला की तो गोल फुटतो आणि त्याचे तीन-चार लहान गोल होतात.

हे ४२ कुठले? शिवाजी पेठेतले, रंकाळ्याभोवतीचे, की महाद्वार रोडवरचे? बघणारा माणूस मनात कुठली तरी पेठ धरून चालतो. सॉफ्टवेअरला मात्र पेठ ठाऊक नसते. पृथ्वीवर आधीच आखून ठेवलेली एक चौकट असते, आणि तिच्यात जेवढे बिंदू पडले तेवढे त्याने मोजलेले असतात. हा फरक एकदा कळला की नकाशावरचा आकडा वाचायची पद्धतच बदलते. आपल्या गावासाठी दुकानांचा, दवाखान्यांचा किंवा पुरातल्या मदतीचा नकाशा करू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आधी मोजणीचं बघू. जिल्ह्यातली ५०,००० ठिकाणं आपल्याकडे आहेत असं धरा. जवळजवळची ठिकाणं एकत्र करायचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येकापासूनचं अंतर काढणं. पण ५०,००० ठिकाणांच्या जोड्या होतात जवळपास १२५ कोटी. कुणी तरी बोटाने नकाशा सरकवला की हे गणित पुन्हा करायचं! ते कुणालाच परवडत नाही. चौकटींची पद्धत यातून सुटका करते. तिथे अंतर काढायचंच नाही. प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारायचा: तू कुठल्या चौकटीतला? ५०,००० ठिकाणं, ५०,००० उत्तरं, मग एकेका चौकटीची बेरीज.

चौकट ठरते ती निम्मं-निम्मं करत. अंबाबाईचं मंदिर साधारण ७४.२२३ पूर्व रेखांशावर आणि १६.६९५ उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वी उभी दुभागली तर मंदिर शून्य रेखांशाच्या पूर्वेला, म्हणून १. आडवी दुभागली तर विषुववृत्ताच्या उत्तरेला: पुन्हा १. आता उरलेला पूर्वेकडचा भाग ९० रेखांशावर दुभागायचा. मंदिर पश्चिमेच्या अर्ध्यात, म्हणून ०. उत्तरेकडचा भाग ४५ अक्षांशावर दुभागायचा. मंदिर खालच्या अर्ध्यात, म्हणून ०. मग ४५ रेखांश. मंदिर पूर्वेला, म्हणून १. पाच उत्तरं झाली: १, १, ०, ०, १. या पाचांची द्विमान संख्या २५ होते आणि ठरलेल्या तक्त्यात २५ साठी अक्षर आहे ‘टी’. असंच दुभागत गेलं की दर पाच उत्तरांमागे एक अक्षर मिळत जातं. मंदिराची पहिली चार अक्षरं येतात टी-डी-यू-वाय.

या पद्धतीला जिओहॅश म्हणतात. गुस्ताव्हो निमेयर यांनी ती २००८ मध्ये आणली आणि सगळ्यांना वापरायला मोकळी सोडली. अक्षांश-रेखांशाची उत्तरं एकाआड एक गुंफायची मूळ कल्पना त्याहून जुनी, आयबीएममधल्या जी. एम. मॉर्टन यांची, १९६६ सालची. तक्त्यात ३२ चिन्हं आहेत, दहा अंक आणि बावीस इंग्रजी अक्षरं. ए, आय, एल आणि ओ ही चार गाळली आहेत.

सोय यातली अशी की अक्षरं जितकी जास्त तितकी चौकट लहान, आणि लहान चौकट मोठीच्या पोटात नेमकी बसते. ‘टी’ या एका अक्षरात ९० रेखांशाच्या पूर्वेचा भाग सोडला तर जवळजवळ सगळा भारत येतो. कोल्हापूरच्या आसपास मोजलं तर चार अक्षरांची चौकट साधारण साडेसदतीस किलोमीटर रुंद आणि साडेएकोणीस किलोमीटर उंच असते. पाच अक्षरांची ४.७ बाय ४.९ किलोमीटर. सहा अक्षरांची सव्वा किलोमीटरपेक्षा थोडी कमी रुंद आणि सहाशे मीटर उंच. सात अक्षरांवर ती दीडशे मीटरच्या घरात येते, म्हणजे एखादी गल्ली आणि तिच्या दोन बाजू.

पिनकोड बघितला तर हीच कल्पना ओळखीची वाटेल. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेली, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी घडवलेली ही पद्धतही डावीकडून उजवीकडे बारीक होत जाते. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, पुढचे तीन पोस्ट ऑफिसचे. कोल्हापूर शहराचा पिन ४१६ ने सुरू होतो. पण सांगलीचा पिन ४१६४१६ आहे आणि मालवणचा ४१६६०६. नुसते ४१६ धरून निकाल एकत्र केले तर गुजरीतल्या सराफाच्या गोलात मालवणचा मासळीबाजारही येऊन बसेल. सुरुवातीचे अंक सारखे म्हणजे ठिकाणं एकाच गठ्ठ्यातली, एवढंच त्यातून कळतं. ती जवळ आहेत की लांब, हे गठ्ठा केवढा आहे आणि त्याच्या कडा कुठे आहेत त्यावर ठरतं.

जिओहॅशच्या कडा कोल्हापुरात कुठे आहेत? याचं उत्तर मी हाताने गणित करून काढलं आणि चकित झालो. चार अक्षरांच्या चौकटींची एक आडवी कड १६.६९९२ अक्षांशावरून जाते, म्हणजे अंबाबाईच्या मंदिरापासून उत्तरेला जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरून. पाच अक्षरांच्या चौकटींची एक उभी कड ७४.२२३६ रेखांशावर आहे, म्हणजे मंदिर आणि भवानी मंडपाच्या ऐन दाटीत. जिथे या दोन कडा एकमेकींना छेदतात तिथे जुनं कोल्हापूर चार तुकड्यांत वाटलं जातं. रंकाळा पडतो टी-डी-यू-वाय-बी मध्ये. राजारामपुरी आणि शिवाजी विद्यापीठ टी-डी-यू-वाय-सी मध्ये. दसरा चौक, रेल्वे स्टेशन आणि कसबा बावडा टी-डी-यू-झेड-एक मध्ये. पंचगंगा घाट टी-डी-यू-झेड-शून्य मध्ये.

आता रंकाळा आणि दसरा चौक यांची अक्षरं शेजारी ठेवून बघा. पहिली तीनच जुळतात. रंकाळा आणि कागल यांची मात्र चार जुळतात, कारण कागलही टी-डी-यू-वाय मध्ये येतं. रंकाळ्याहून दसरा चौक रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, आणि कागल सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटरवर. जास्त अक्षरं जुळली तर ठिकाणं जवळ, असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम रंकाळ्यावर उभ्या माणसाला कागलचं दुकान आधी दाखवेल आणि दसरा चौकातलं मागे ढकलेल. अशी फसगत होऊ नये म्हणून जवळचं शोधताना स्वतःच्या चौकटीसोबत भोवतीच्या आठही चौकटी तपासाव्या लागतात आणि शेवटी खरं अंतर काढून क्रम लावावा लागतो. सगळ्या जोड्यांचं अंतर परवडत नव्हतं, पण नऊ चौकटींत उरलेल्या मोजक्या ठिकाणांचं सहज परवडतं.

इलॅस्टिकसर्च या लोकप्रिय सर्च सॉफ्टवेअरमध्ये जिओहॅशनुसार मोजणी करायला सांगितली आणि अक्षरं किती ते सांगितलं नाही, तर ते पाच धरतं. म्हणजे काहीही न ठरवता चालू केलेल्या नकाशावर कोल्हापूरचा गाभा नेमका वरच्या चार तुकड्यांत मोजला जाणार. महाद्वार रोड ते बिंदू चौक हा एकच गजबजलेला पट्टा असूनही त्याची दुकानं वेगवेगळ्या गोलांत वाटली जातील, आणि प्रत्येक गोलाला आपल्या वाट्याचं राजारामपुरी किंवा रंकाळाही चिकटेल. गाव जिथे सर्वांत दाट, तिथेच नकाशा पातळ दाखवेल. म्हणून कुठलाही शहरी नकाशा करताना चौकटींच्या कडा आधी नकाशावर उमटवून बघाव्यात, असा माझा आग्रह आहे. काम पाच मिनिटांचं असतं.

अक्षरं किती घ्यायची हे झूमवर ठरतं. नेहमीच्या वेब नकाशात झूम शून्यावर सगळी पृथ्वी २५६ पिक्सेल रुंद असते आणि पुढच्या प्रत्येक पायरीला दुप्पट होते. झूम १३ वर पाच अक्षरांची चौकट बरोबर २५६ पिक्सेल रुंद दिसते. फोनचा पडदा रुंदीला त्याच्या दीडपट असेल नसेल, म्हणजे एका ओळीत दोन-तीनच गोल. सहा अक्षरं घेतली तर चौकट ६४ पिक्सेल रुंद आणि साधारण ३३ पिक्सेल उंच होते. गोल पुरेसे दिसतात, वाचताही येतात. पण मधलं काही नको का? जिओहॅशमध्ये ते नाही, कारण एक अक्षर वाढवलं की चौकटीचे एकदम ३२ तुकडे होतात. शिवाय एका पायरीला चौकट चौरसाच्या जवळ, तर पुढच्या पायरीला आडवी.

म्हणूनच आता पुष्कळ जण नकाशाच्या टाइल्सचीच, म्हणजे ज्या चौरस तुकड्यांनी वेब नकाशा जोडलेला असतो त्यांचीच, जाळी वापरतात. तिथे दर पायरीला एका चौरसाचे चारच चौरस होतात आणि झूम करताना गोल हळूहळू फुटतात. डोळ्यांना ते फार बरं वाटतं. तिसरा पर्याय षटकोनांचा. उबरने २०१८ मध्ये खुली केलेली एच-थ्री नावाची जाळी तशी आहे. षटकोनाचे सहाही शेजारी साधारण सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे फिरत्या गाड्यांच्या मागणी-पुरवठ्यासाठी ती छान. मात्र लहान षटकोन मोठ्या षटकोनात नेमके मावत नाहीत, कडेला थोडे बाहेर डोकावतात, आणि गोल पृथ्वी झाकायला प्रत्येक पातळीवर बारा पंचकोनही लागतातच. शहराच्या साध्या नकाशाला मी टाइल्सची जाळी घेईन.

जाळी कुठलीही असो, ती पृथ्वीला बांधलेली हवी, पडद्याला नको. काही नकाशे पडद्याच्या कोपऱ्यापासून चौकटी मोजतात. अशा नकाशावर बोट इंचभर सरकलं तरी आकडे बदलतात. आत्ता ४२ होते त्याचे ३८ होतात आणि बघणाऱ्याचा विश्वास उडतो. त्याचं चुकत नाही.

सर्च सॉफ्टवेअरच्या आत हे काम कसं चालतं तेही थोडं बघू. माहिती फार असली की ती अनेक तुकड्यांत, बऱ्याचदा वेगवेगळ्या मशिनांवर ठेवलेली असते. प्रत्येक तुकडा आपापल्यापुरत्या चौकटी मोजतो आणि मग सगळ्यांच्या बेरजा एकत्र होतात. चौकटी सगळीकडे सारख्याच असल्यामुळे बेरीज बिनचूक जुळते. एकमेकांपासूनच्या अंतरावर बांधलेल्या गठ्ठ्यांची अशी बेरीज करता येत नाही, कारण प्रत्येक मशिनवर गठ्ठे वेगळेच पडलेले असतात. चौकटींची पद्धत टिकून राहिली त्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण. खबरदारी एकच घ्यायची: पडद्यावर जेवढा भाग दिसतोय तेवढाच आधी गाळून घ्यायचा आणि मग मोजायचं. नाहीतर बारा अक्षरांपर्यंत जाता येतं म्हणून कुणी सगळ्या महाराष्ट्रावर इवल्याशा चौकटी मागतो आणि सर्व्हर कोट्यवधी रकाने तयार करत बसतो. इलॅस्टिकसर्च एका जाळीत सुरुवातीला १०,००० चौकटीच परत देतं, ते याचसाठी. अपाचे सोलर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच मोजणी हीटमॅपच्या रूपात मिळते: ओळी आणि रकाने यांचा एक तक्ता, प्रत्येक घरात आकडा.

आकडा मिळाला, पण गोल काढायचा कुठे? चौकटीच्या मधोमध काढला तर सगळा नकाशा चेकच्या कापडासारखा दिसतो आणि ओळीत मांडलेले गोल खोटे वाटतात. म्हणून बहुतेक जण आतल्या ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढतात. ही सरासरीही अनेक मशिनांवर वाटून काढता येते. प्रत्येकाने बेरीज आणि संख्या पाठवली की झालं. पण रंकाळ्याच्या काठाने चौफेर असलेल्या भेळेच्या आणि खाऊच्या गाड्यांची सरासरी काढली तर गोल पडतो तलावाच्या मधोमध, पाण्यात. गणितात काही चूक नाही, तरी नकाशा बघून तिकडे निघालेल्या पाहुण्याला तो निरुपयोगी. सरासरीला सर्वांत जवळचं जे खरं ठिकाण असेल त्यावर गोल बसवला की हा घोळ मिटतो. थोडं जास्त काम पडतं, पण ते करावं.

आता नावांकडे येऊ, कारण लोक नावांनीच बोलतात. कोल्हापूरचा माणूस ‘मंगळवार पेठेत’ म्हणतो, ‘शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत’ म्हणतो. नावानुसार निकाल एकत्र करायचे तर प्रत्येक भागाची हद्द बहुभुज म्हणून लागते आणि प्रत्येक ठिकाण कुठल्या बहुभुजात पडतं ते तपासावं लागतं. तपासणी सुरेख आहे. त्या बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ मारायची आणि ती हद्दीला किती वेळा ओलांडते ते मोजायचं. विषम वेळा ओलांडली तर बिंदू आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर. हद्द कितीही वेडीवाकडी असली तरी नियम चालतो. हे काम दर शोधाच्या वेळी करत नाहीत. ठिकाण नोंदवतानाच त्याला ‘करवीर तालुका’, ‘शाहूपुरी’ असे शिक्के मारून ठेवतात आणि शोधाच्या वेळी नुसते शिक्के मोजतात.

तालुक्यांपुरतं हे सोपं आहे. जिल्ह्यात बारा तालुके आणि त्यांच्या हद्दी ठरलेल्या. पेठांचं तसं नाही. पेठ कुठे संपते हे तिथल्या माणसांना विचारावं तर दोन शेजारी दोन उत्तरं देतील, आणि महापालिकेच्या प्रभागांच्या हद्दी निवडणुकांच्या निमित्ताने बदलत राहतात. शहराची हद्दवाढ हा तर कोल्हापुरात वर्षानुवर्षं चालत आलेला वाद. उचगाव, पाचगाव शहराला खेटून आहेत. तिथल्या माणसाने ‘कोल्हापुरातले दवाखाने’ शोधले तर त्याला शहराच्या हद्दीचा काटेकोरपणा नको असतो, जवळचा दवाखाना हवा असतो. म्हणून यादीला नावं द्यावीत आणि नकाशाला चौकटी, अशी वाटणी मला पटते. आणि नावाच्या शिक्क्यासोबत हद्द कुठल्या वर्षीची तेही नोंदवावं, म्हणजे हद्द बदलली की कुठले शिक्के पुन्हा मारायचे ते कळतं.

एकत्र करण्याचा आणखी एक अर्थ आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. मोजणीत आकडा मिळतो. गटवारीत प्रत्येक भागातले निवडक निकाल मिळतात. ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधलं आणि सर्वांत चांगले दहा निकाल मागितले, तर दहाही महाद्वार रोडच्या आसपासचे येण्याची शक्यता मोठी. बनवणारे कारीगर मात्र कितीतरी पसरलेले आहेत; या चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्हे आहेत. जिल्हावार तीन-तीन निकाल मागितले की बेळगाव, सोलापूर, सांगलीकडचा कारीगरही पहिल्या पानावर येतो. सोलरमध्ये आणि इलॅस्टिकसर्चमध्ये याची स्वतंत्र सोय आहे. लहान गावातल्या माणसाचं काम लोकांना दिसावं असं वाटत असेल तर ती वापरावीच.

पत्त्यांचाही एक धोका आहे. अर्धवट पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारी सॉफ्टवेअर, पत्ता कळला नाही तर शहराचा किंवा पिनकोडचा मध्य देऊन मोकळी होतात. ‘मु. पो. कोल्हापूर’ एवढंच लिहिलेली शेकडो ठिकाणं मग एकाच बिंदूवर जाऊन बसतात आणि तिथे भलामोठा गोल उगवतो. तंतोतंत एकाच अक्षांश-रेखांशावर डझनावारी नोंदी दिसल्या तर त्या मोजणीतून बाजूला काढाव्यात आणि ‘जागा नक्की नाही’ असं वेगळं दाखवावं.

सगळ्यात गंभीर गोष्ट नदीची. पंचगंगा घाटाची जी पाच अक्षरांची चौकट सांगितली, तिच्यात नदीचे दोन्ही काठ येतात. अलीकडे शहर, पलीकडे वडणगे, आंबेवाडीचा परिसर. एरवी शिवाजी पूल ओलांडला की झालं. पण राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पाणी त्याच्याही वर गेलं की रस्ते एकामागून एक बंद होतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवशी मदत मागणाऱ्यांचा नकाशा केला आणि चौकटीत ‘३०’ आकडा दिसला, तर त्या तिसांपैकी किती जणांपर्यंत अलीकडून पोहोचता येईल ते कळत नाही. बोट कुठल्या काठाला पाठवायची हेही त्या आकड्यात नसतं.

यासाठी फार मोठं तंत्र लागत नाही. ठिकाण नोंदवताना तालुक्याचा शिक्का मारतो तसाच काठाचाही मारायचा. नदीचं पात्र ही हद्द धरून शहराभोवतीचा भाग काही बहुभुजांत वाटायचा, एकेक बहुभुज म्हणजे पूर आल्यावर एकत्र तुटणारी वस्ती. मोजताना आधी या वस्तीनुसार गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटाच्या आत चौकटी. इलॅस्टिकसर्चमध्ये एका मोजणीच्या पोटात दुसरी मोजणी घालता येते, त्यामुळे एकाच विचारणीत हे होतं. नकाशावर मग एका चौकटीत दोन गोल दिसतात, अलीकडच्या काठाचा वेगळा आणि पलीकडचा वेगळा. वस्तीच्या हद्दी आखायचं काम मात्र पावसाळ्याआधी, नदीकाठच्या गावांत बसून करावं लागतं, कारण कुठला रस्ता पहिला पाण्याखाली जातो हे तिथल्या माणसांना पाठ असतं.